पासवर्ड दणकट, पण कुकीचं काय?

एक प्रयोग करून बघा, स्वतःच्याच अकाउंटवर हं, दुसऱ्याच्या नाही. क्रोममधे कुठल्यातरी साइटवर लॉगिन करा, एफ१२ दाबा, ॲप्लिकेशन टॅबमधे कुकीज (साइटने तुमच्या ब्राउझरमधे ठेवलेल्या छोट्या चिठ्ठ्या) दिसतील, त्यात सेशन नाहीतर तसलंच काही नाव असलेली एक लांबलचक अगम्य अक्षरांची माळ असते, ती उचलून फायरफॉक्समधे त्याच साइटला त्याच नावाने चिकटवा आणि पान रिफ्रेश करा. बऱ्याच साइटवर तुम्ही थेट आत! ना पासवर्ड, ना ओटीपी. मी पहिल्यांदा केलं तेव्हा नुसता बघतच बसलो.

कारण एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि साइटचा सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात तो प्रोटोकॉल, मुळातच विसरभोळा. मागच्या क्लिकला कोण आलं होतं हे त्याला आठवत नाही, म्हणून १९९४ मधे नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुलीने कुकी काढली. लॉगिन झालं की सर्व्हर एक सेशन, म्हणजे तुमच्या या भेटीचं खातं उघडतो, त्याचा नंबर कुकीत घालून ब्राउझरच्या हातात देतो (टॉमकॅट या जावाच्या सर्व्हरमधे त्याचं नाव जेसेशनआयडी) आणि पुढे दर क्लिकला ब्राउझर तो नंबर दाखवत राहतो. आणणारा कोण हे सर्व्हर सहसा बघतच नाही. नंबर ज्याच्याकडे, अकाउंट त्याचं.

२०१० मधे एरिक बटलरने फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेंशन काढलं तेव्हा हे सगळ्यांना दिसलं. उघड्या वायफायवर बसायचं, बटण दाबायचं, आजूबाजूच्या लोकांची फेसबुक, ट्विटर अकाउंटं नाव-फोटोसकट बाजूला हजर, डबलक्लिक केलं की आत. तेव्हा या साइट लॉगिनचं पान तेवढं एचटीटीपीएसवर (एचटीटीपीचाच कुलूपबंद, एन्क्रिप्टेड प्रकार) ठेवायच्या आणि पुढे कुकी उघड्यावर फिरायची. आता बहुतेक सगळं एचटीटीपीएस झालंय त्यामुळे हा प्रकार जवळपास संपला, पण चोरीचे बाकीचे रस्ते आहेतच. चोराने पानात घुसवलेली जावास्क्रिप्ट (ब्राउझरमधे चालणारा कोड) कुकी वाचून बाहेर पाठवते (एचटीटीपीओन्ली फ्लॅग लावला तर तिला वाचता येत नाही, एका शब्दाचं काम, तरी राहतं), नाहीतर नंबर थेट यूआरएलमधे असतो आणि कुणीतरी ती लिंक भोळेपणाने फॉरवर्ड करतं.

मला सगळ्यात बेरकी वाटते ती सेशन फिक्सेशन. यात चोरी नाहीच, उलट चोरच तुम्हाला नंबर देतो! तो आधी साइटवर जाऊन एक सेशन नंबर घेतो, काहीतरी करून तोच तुमच्या ब्राउझरमधे बसवतो, तुम्ही बिचारे त्यावर रीतसर लॉगिन करता, आणि आता तो नंबर लॉगिन झालेला, जो त्याला आधीपासून पाठ. चूक सर्व्हरची, लॉगिननंतर नंबर बदलायला हवा होता. पीएचपी, जावा दोन्हीत त्यासाठी तयार फंक्शन आहे, एक ओळ.

२०२३ चं सिट्रिक्स ब्लीड नावाचं सुरक्षेतलं भोक तर वेगळंच. सिट्रिक्सच्या नेटस्केलर उपकरणाच्या (कंपनीच्या नेटवर्कमधे बाहेरून शिरायचं दार) मेमरीतूनच सेशन टोकन, म्हणजे तेच सेशनचे नंबर, गळत होते, दुहेरी ओळखपडताळणी असून उपयोग शून्य, कारण ती लॉगिनच्या वेळेची आणि हे लॉगिन झाल्यानंतरचं. नुसता पॅच मारूनही भागेना, चालू सेशन मारावे लागले.

आता त्या प्रयोगाचा राहिलेला भाग. क्रोममधून लॉगआउट करा आणि फायरफॉक्समधे रिफ्रेश मारा. बाहेर फेकलं तर ठीक. अजून आतच असाल तर त्या साइटने लॉगआउटच्या नावाखाली फक्त तुमच्या ब्राउझरमधली कुकी पुसली, सर्व्हरवरचं सेशन तसंच जिवंत आहे.