लाकडी पेन: लेथवर चढवण्याआधी वाचा

दुकानात येणारे बहुतेक जण पहिल्यांदा लेथचा, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या मशीनचा, भाव विचारतात. साहजिक आहे, मोठा खर्च तोच. पण बिघडलेला पेन घेऊन जे परत येतात त्यांचं ऐकून घेतलं तर दोष लेथचा क्वचितच निघतो. लाकूड ओलं होतं, भोक तिरकं गेलं, नळी अर्ध्यातच चिकटून बसली. पेन बिघडला तो लेथवर चढण्याआधीच. म्हणून या पत्रकात कातण्याबद्दल थोडं आणि त्याआधीच्या कामाबद्दल जास्त लिहिलं आहे. वाळूज-चिकलठाण्याच्या कंपन्यांमध्ये ज्यांची नोकरी लोखंड कातण्यात गेली, त्यांना व्हर्नियर कसा धरायचा हे आम्ही काय सांगणार? लाकूड मात्र कातून झाल्यावरही हलतं, एवढं त्यांनीही लक्षात ठेवावं.

किटमध्ये काय असतं

पितळेच्या दोन नळ्या, निमुळतं टोक, क्लिप, मधली कडी, रिफिल पुढे-मागे करणारी फिरकी आणि रिफिल. लाकूड तुमचं. लाकडाला भोक पाडून त्यात नळी चिकटवायची, बाहेरून कातायचं आणि बाकीचे भाग नळीत दाबून बसवायचे.

सगळ्यात स्वस्त आणि नवख्यांना सुचवलं जातं ते बारीक पेनचं किट. त्याची नळी ७ मिमीची असते. पेन तयार झाला की टोकाशी नळीवर लाकूड उरतं जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. एवढ्या पातळ थरात ओलावा राहिला तर चीर पडणारच.

रिफिलचंही आधीच बघा. बारीक किटला बहुधा क्रॉस कंपनीच्या पद्धतीची रिफिल लागते आणि ती तालुक्याच्या स्टेशनरी दुकानात सहसा मिळत नाही. पेन गावाकडे कुणाला भेट द्यायचा असेल तर पार्कर पद्धतीची रिफिल बसणारं किट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. रिफिलअभावी कपाटात पडून राहिलेला पेन आम्हाला बघवत नाही.

लाकूड: विकत घेण्याआधी शिवारात बघा

ठोकळा साधारण पाऊण इंच चौकोनी आणि पाच इंच लांब लागतो. एवढ्यासाठी बाहेरून मागवलेलं महागडं लाकूड पहिल्याच खेपेला घेऊ नका. ते आम्हीच विकतो, तरी सांगतो.

आपल्याकडची बाभूळ कठीण, तांबूस आणि पॉलिश छान धरणारी. चिंचेचा आतला गाभा गडद जांभळट-तपकिरी असतो. तो थोडाच मिळतो आणि पटाशीची धार खातो, पण त्याच्या पेनला तोड नाही. बोर, जांभूळ, हिवर हेही चालतं. रस्त्याकडेला माजलेली वेडी बाभूळ लोक फक्त जळणाला वापरतात. ती वाळताना फार कमी आकसते, त्यामुळे पेनसाठी उत्तम. तोडताना काट्यांपासून सांभाळा म्हणजे झालं.

जुन्या वाड्याचं सागवान किंवा आजोबांच्या तिफणीचा, बैलगाडीचा तुकडा घेऊन येणारे बरेच असतात. असं लाकूड मुरलेलं असतं, ही मोठी सोय. पण आत मोठा-बारीक खिळा किंवा तारेचा तुकडा असू शकतो, म्हणून आधी लोहचुंबक फिरवून बघा. तिफणीच्या लाकडाच्या भेगांत माती बसलेली असते. ती वायर ब्रशने काढली नाही तर पटाशी दोन मिनिटांत बोथट होते. किडीची बारीक भोकं असतील तर त्यांत पातळ सुपरग्लू मुरू द्या. दाणे काढलेल्या वाळक्या मक्याच्या कणसाचाही पेन होतो, मात्र त्यावर आधी रेझिन, म्हणजे घट्ट होणारं द्रव, ओतून घ्यावं लागतं.

कण्हेर नको. तिचा सगळाच भाग विषारी, भुसा तर नाकात जाणार. चंदनाच्या तोडीला वन खात्याची परवानगी लागते. पावती नसेल तर आम्ही त्याला हात लावत नाही.

ओली फांदी वाळवायची तर ठोकळे कापून दोन्ही टोकांना मेण लावा आणि सावलीत ठेवा. गच्चीवर नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना लाकूड बाहेरून भराभर वाळतं, आतून ओलंच राहतं आणि टोकापासून उभं फाटतं. वाळलं की नाही हे ओळखायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. दर रविवारी वजन करून ठोकळ्यावरच पेन्सिलीने लिहा. तीन-चार आठवडे आकडा हलला नाही की लाकूड तयार. पावसाळ्यात तो थोडा वर सरकला तर घाबरू नका, थांबा.

भोक आणि नळी

ठोकळ्यावर एका बाजूने उभी रेघ मारा आणि मगच दोन तुकडे करा. जोडताना रेघ जुळली की लाकडाच्या रेषा पेनभर सलग दिसतात. प्रत्येक तुकडा नळीपेक्षा निदान दोन-तीन मिलिमीटर लांब ठेवा.

भोक पाडताना घाई सगळ्यात महागात पडते. ड्रिल थोडं आत गेलं की बाहेर काढून भुसा झटका, पुन्हा घाला. भुसा आत अडकला की ड्रिल तापतं, लाकडाला आतून चीर जाते आणि ती दिसते पॉलिश झाल्यावर. पलीकडच्या तोंडाशी लाकडाचा टवका उडतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे तुकडा सेंटीमीटरभर जास्त लांब घ्या, भोक आरपार न नेता आधीच थांबवा आणि शेवटचा भाग करवतीने कापून टाका.

नळी गुळगुळीत असते, तिला डिंक धरत नाही. १५० नंबरच्या पॉलिश पेपरवर गोल फिरवून खरखरीत करा. मग नळीचं एक तोंड बटाट्याच्या चकतीत दाबा, बटाट्याचं छोटं बूच आत बसतं आणि डिंक नळीत शिरत नाही. ते बूच नंतर सळईने ढकलून काढा.

सुपरग्लू की अराल्डाइट, हा नेहमीचा प्रश्न. नवख्याने अराल्डाइटच वापरावं. सुपरग्लू नळी अर्धी आत गेल्यावर घट्ट झाला तर ठोकळा गेलाच समजा. अराल्डाइट लावून नळी फिरवत-फिरवत आत न्या आणि रात्रभर सोडून द्या. सुपरग्लू हवेतल्या दमटपणाने घट्ट होतो, त्यामुळे तोच डिंक श्रावणात झटकन धरतो आणि मे महिन्यात रेंगाळतो. बाटली खराब निघाली म्हणून आमच्याकडे येण्याआधी महिना कोणता चाललाय ते बघा.

दुसऱ्या दिवशी ठोकळ्याची तोंडं नळीला काटकोनात छाटायची. त्याचं कटर आमच्याकडे मिळतं. पितळ चकाकलं की तिथेच थांबा. नळीच आखूड झाली तर नंतर रिफिल नको तेवढी बाहेर येते.

लेथवर

इथपर्यंतचं काम नीट झालं असेल तर पुढचं तासाभराचं आहे. मॅन्ड्रेलवर, म्हणजे लेथच्या सळईवर, बुश (पेनची जाडी दाखवणारी कडी), ठोकळा, बुश असं ओवून टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या भागाचा, आधार द्या. टेलस्टॉक जोर लावून आवळू नका. मॅन्ड्रेल मधोमध वाकतो आणि पेन एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होतो. चौकोनी ठोकळा गोल होईपर्यंत मिनिटाला दीड-दोन हजार फेरे, नंतर थोडे वाढवले तरी चालतील. गोल पटाशीने कोपरे उतरवा, तिरप्या पटाशीने सफाई करा. धार बरोबर असेल तर भुसा न पडता लांब, पातळ साल निघते. भुसाच पडत असेल तर जोर वाढवू नका, पटाशी ग्राइंडरवर न्या.

बुशपेक्षा अर्धा मिलिमीटर वर असताना पटाशी ठेवा आणि पॉलिश पेपर घ्या: १८०, २४०, ३२०, ४००, ६००. प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून एकदा लाकडाच्या लांबीने हात मारा, गोल ओरखडे जातात. लाकूड फिक्या रंगाचं असेल तर आणखी एक काळजी. लोखंडी बुशवर पेपर घासला की काळी पूड निघते आणि लाकडाच्या टोकांना काजळी धरते. म्हणून शेवटच्या घासणीला आमच्याकडचे प्लॅस्टिकचे शंकूसारखे बुश लावा.

कपड्यांचं आता. हातमोजे घालून लेथ चालवायचा नाही, कधीच नाही. बोटाला खरचटणं परवडतं, मोज्यासकट हात ओढला जाणं परवडत नाही. ओढणी, पदर, उपरणं, बांगड्या, मोकळे केस, गळ्यातली साखळी, सगळं आवरा. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल आणि नाकाला चांगला मास्क. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. गेली की पटाशी लगेच बाजूला घ्या आणि लेथचा खटका बंद करा. चहा पिऊन येईपर्यंत लाइट आली तर मशीन आपोआप सुरू होतं.

चकाकी

लाखेचं पॉलिश पटकन होतं, दिसतं सुरेख, पण घामाच्या हाताने वर्षभरात मळकटतं. टिकाऊ हवं तर सुपरग्लूचे आठ-दहा पातळ थर द्या. ते देताना सुती चिंधी वापरू नका. सुपरग्लू आणि कापूस एकत्र आले की चिंधी तापून धूर येतो, हात भाजतो. कागदी रुमाल घ्या, खिडकी उघडी ठेवा.

घाण्याचं जवस तेल चालेल का, असं बरेच ग्राहक विचारतात. खायचं तेल वाळायला फार दिवस घेतं. लाकडासाठीचं वेगळं, लवकर वाळणारं मिळतं. कुठलंही वापरा, तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आतल्या आत तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा, मग फेका.

शाईचा पेन

दोन-तीन पेन झाले की शाईपेनची हुक्की येतेच. लाकडात थेट शाई भरता येत नाही, त्यासाठी कार्ट्रिज (शाईची बदलायची कुपी) किंवा कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी नळी) असलेलं किट घ्या. थेट शाई भरायची असेल तर एबोनाइट, म्हणजे रबर आणि गंधक तापवून केलेला कठीण दांडा. कातताना गंधकाचा वास येतो, पण कापलं जातं लोण्यासारखं. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे रत्नम पेन याचेच. गांधीजींनी १९३५ साली त्या पेनबद्दल पत्र लिहून पसंती कळवली होती. एबोनाइट उन्हात ठेवलं की रंग उडतो. शाई तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून थेंब पडतो, म्हणून उन्हाळ्यात पेन भरलेला ठेवा. यातले आटे पाडणं नवख्याचं काम नाही. ते आम्ही करून देतो.

दुकानात येताना

बुश किटप्रमाणे बदलतात, म्हणून किटसोबतचा कागद बरोबर आणा. स्वतःचं लाकूड असेल तर तेही आणा, ठोकळे मापात कापून देऊ. पटाशीला धार पहिल्या वेळी फुकट लावून देतो आणि लावायला शिकवतोही. चिकटवलेली नळी आणि दाबून बसवलेली फिरकी परत घेतली जात नाही. फिरकी दाबताना एकदम जोर लावू नका, थोडी दाबा, रिफिल घालून बघा, पुन्हा दाबा. लेथ घ्यायचाच असेल तर आधी इथल्या मशीनवर एक पेन करून बघा, मग भाव विचारा.