आर्वो पार्ट खरंच आठ वर्षं गप्प होते का?

एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पार्ट (जन्म १९३५) यांच्याबद्दल एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. १९६८ मध्ये ‘क्रेडो’ या रचनेतल्या ख्रिस्तश्रद्धेच्या उघड उच्चारामुळे सोव्हिएत अधिकारी बिथरले, पार्ट यांनी लेखणी खाली ठेवली आणि १९७६ पर्यंत एक सूरही लिहिला नाही.

‘क्रेडो’चा वाद खरा. पुढचं मात्र मीठमसाला लावलेलं. याच काळात, १९७१ मध्ये, त्यांची तिसरी सिम्फनी झाली. पोटापाण्यासाठी चित्रपटांना संगीत देणंही चालूच होतं. १९७३ च्या ‘उकुआरु’ चित्रपटातला त्यांचा वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या ठेक्यातली नृत्यधून) तर एस्टोनियात आजही आवडीने वाजवतात. गप्प बसलेल्या माणसाचा वॉल्ट्झ!

मग थांबलं काय? जुनी शैली. ते ग्रेगोरियन गायकी, म्हणजे मध्ययुगीन चर्चमधलं एकसुरावटीचं गायन, नव्याने शिकत होते, एकेरी सुरावटींनी वह्याच्या वह्या भरत होते. त्यातून १९७६ मध्ये ‘फ्युर अलिना’ ही पियानोची छोटी रचना आली. एक हात पायरी-पायरीने सुरावट चालवतो, दुसरा फक्त ‘बी मायनर’ या स्वरसंगतीच्या तीन स्वरांतून तिला साथ देतो. या पद्धतीला त्यांनी ‘टिंटिनाबुली’, म्हणजे छोट्या घंटा, असं नाव दिलं.