तक्त्यावरचे निळे आकडे कसे वाचावेत

आवर्तसारणीच्या आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात प्रत्येक चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईत एक आकडा आहे. ती त्या मूलद्रव्याची इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पी, किलोज्यूल प्रति मोलमध्ये. वायुरूपातल्या सुट्या अणूने एक इलेक्ट्रॉन घेऊन ऋणायन (ऋण प्रभाराचा आयन) होताना ऊर्जा बाहेर पडली तर आकडा ऋण, बाहेरून द्यावी लागली तर धन.

आधी चिन्ह बघा

सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. गणितात −३४९ हा −३२८ पेक्षा लहान, पण ऊर्जा जास्त सुटते ती −३४९ मध्ये. म्हणून शिकवताना ‘वाढते’, ‘घटते’ हे शब्द टाळून ‘अधिक ऋण होते’ असे म्हणावे. काही पुस्तके हीच गोष्ट इलेक्ट्रॉन ॲफिनिटी या नावाने उलट चिन्ह लावून देतात. क्लोरीनपुढे +३४९ दिसले तर पुस्तक चुकलेले नसते, फक्त त्याची पद्धत वेगळी असते.

आडवे वाचताना

दुसऱ्या आवर्तात डावीकडून उजवीकडे बोट फिरवा: लिथियम −६०, बोरॉन −२७, कार्बन −१२२, ऑक्सिजन −१४१, फ्लोरीन −३२८. केंद्रकाचा प्रभार वाढतो, अणू आवळत जातो आणि नव्या इलेक्ट्रॉनवरची ओढ वाढते. चढण मात्र सरळ नाही. बेरिलियमचे २एस उपकवच (दुसऱ्या कवचाचा कमी ऊर्जेचा भाग) भरलेले असते, त्यामुळे येणाऱ्या इलेक्ट्रॉनला जास्त ऊर्जेच्या २पी उपकवचात जावे लागते. नायट्रोजनचे २पी बरोबर अर्धे भरलेले असते. तिथे आणखी एक इलेक्ट्रॉन घालायचा तर तो आधीच्या एकाशी जोडीने बसतो. म्हणून नायट्रोजनचा आकडा शून्याच्या आसपास, किंचित धन येतो.

उभे वाचताना: फ्लोरीनचा आकडा छपाईची चूक नाही

गणात खाली जाताना अणू मोठा होतो, म्हणून आकडा कमी ऋण व्हायला हवा. अल्क धातूंत (लिथियमपासून सीझियमपर्यंत) तसेच घडते: −६०, −५३, −४८, −४७, −४६. हॅलोजनांत मात्र फ्लोरीन −३२८, क्लोरीन −३४९, ब्रोमीन −३२५, आयोडीन −२९५. पहिलाच मागे पडलेला.

कारण जागेचे आहे. फ्लोरीनचे दुसरे कवच इतके छोटे की आत आधीच असलेले सात इलेक्ट्रॉन नव्याला जोरात ढकलतात आणि सुटणाऱ्या ऊर्जेतला काही भाग त्यातच खर्च होतो. क्लोरीनच्या तिसऱ्या कवचात गर्दी कमी. याला ‘फ्लोरीनचा अपवाद’ म्हणून पाठ करू नये असे आमचे मत आहे, कारण १३ ते १७ या पाचही गणांत हेच दिसते: बोरॉन −२७ पण ॲल्युमिनियम −४२, कार्बन −१२२ पण सिलिकॉन −१३४, नायट्रोजन शून्याजवळ पण फॉस्फरस −७२, ऑक्सिजन −१४१ पण गंधक −२००.

मग ऑक्सिडीकारक (दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेणारा) म्हणून फ्लोरीन क्लोरीनपेक्षा वरचढ का? कारण तिथे सुट्या अणूचा एकच आकडा पुरत नाही. फ्लोरीनच्या रेणूतला बंध तोडायला सुमारे १५८ लागतात, क्लोरीनच्या रेणूला २४२. शिवाय लहानशा फ्लोराइड आयनाभोवती पाणी गोळा होताना खूप ऊर्जा सुटते.

निळा आकडा फक्त पहिल्या इलेक्ट्रॉनचा आहे, हेही विसरू नये. ऑक्सिजनच्या ऋणायनात दुसरा इलेक्ट्रॉन घालायला ७०० पेक्षा जास्त किलोज्यूल द्यावे लागतात. ऑक्साइडे तरीही बनतात, कारण ही भरपाई स्फटिकाच्या जालक ऊर्जेतून (आयन एकत्र येऊन स्फटिक बनताना सुटणाऱ्या ऊर्जेतून) होते.

जाता जाता सोन्याची चौकट बघा: −२२३, म्हणजे गंधकापेक्षाही अधिक ऋण. सीझियमसोबतच्या संयुगात सोने खरोखर ऋणायन होऊन बसते.

दुसऱ्या तक्त्याशी आकडे जुळत नसतील तर

एकक तपासा. इलेक्ट्रॉन-व्होल्टमधल्या आकड्याला ९६.४८५ ने गुणा: क्लोरीनचे ३.६१३ गुणिले ९६.४८५ म्हणजे ३४८.६. तरीही सहाएकचा फरक उरला, तर त्या तक्त्यात बहुधा २९८ केल्व्हिनची तापमान-दुरुस्ती (५/२ आरटी, म्हणजे अडीच गुणिले वायू स्थिरांक गुणिले तापमान, सुमारे ६.२) धरलेली असते. आमच्या तक्त्यात ती धरलेली नाही.

बेरिलियम आणि मॅग्नेशियमच्या चौकटीत आकड्याऐवजी रेघ आहे, कारण त्यांचा स्थिर ऋणायन मिळत नाही. कॅल्शियमचा मिळतो, पण जेमतेम: −२. हेलियम +४८, निऑन +११६, आरगॉन +९६ हे राजवायूंचे आकडे फिक्या निळ्यात छापले आहेत. ते मोजलेले नाहीत, अंदाजाने काढलेले आहेत.