मोटरच्या थरथरीवर चालणारा सेन्सर: घेण्याआधी एवढं वाचा

स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरमध्ये सेल नसतो. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते, काही हजार व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी पडते. दाबल्यावर वीज देणाऱ्या अशा पदार्थांना पिझोइलेक्ट्रिक म्हणतात. पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत हा गुण दाखवून दिला. आमच्या सेन्सर युनिटमध्येही तोच गुण कामाला येतो, फक्त ठोक्याच्या जागी मोटरची थरथर असते.

आत धातूची पातळ पट्टी आणि तिच्यावर पीझेडटी नावाच्या पिझोइलेक्ट्रिक सिरॅमिकचा थर असतो. पट्टीचं एक टोक पक्कं बसवलेलं, दुसऱ्यावर छोटं वजन. पट्टी लवते तशी वीज निघते, ती डीसी करून कपॅसिटरमध्ये साठते आणि तिच्यावर तापमान व कंपन मोजणारा वायरलेस सेन्सर चालतो.

वीज किती मिळते? जागा चांगली असेल तर साधारण २०० मायक्रोवॅट. साध्या मोबाइल चार्जरला ५ वॅट लागतात, म्हणजे अशी २५ हजार युनिट्स. तेव्हा यावर दिवे लावायचा विचार कृपया करू नका. सेन्सर मात्र बहुतेक वेळ झोपलेला असतो. दर दहा मिनिटांनी जागा होऊन एक रीडिंग पाठवायला एवढी वीज पुरते.

सगळा खेळ मोटरच्या फेऱ्यांचा आहे. बसच्या खिडकीची काच एका ठरावीक वेगालाच खडखडते, तसंच या पट्टीचं. मोटरच्या नेमप्लेटवर १४४० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) असेल तर थरथर २४ हर्ट्झची. पण तो आकडा पूर्ण लोडचा. लोड कमी असताना तीच मोटर १४८० च्या आसपास फिरते आणि थरथर सुमारे ०.७ हर्ट्झने सरकते. एवढ्यानेही वीज बरीच घटू शकते. म्हणून रबाळे, महापे, वागळे इस्टेट, कुठेही असो, चालू मशीनवर मोजमाप घेतल्याशिवाय आम्ही युनिट देत नाही. व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) वेग सतत बदलणाऱ्या मोटरसाठी तर मागितलं तरी देत नाही.

मोटर उत्तम बॅलन्स केलेली असेल तर थरथर कमी आणि वीजही कमी. अशा ठिकाणी सेलवर चालणारा सेन्सर घ्या, थरथर वाढवायला मोटरचा बॅलन्स बिघडवू नका. शिडी लावून किंवा प्लांट थांबवून सेल बदलावा लागतो, तिथे मात्र हे युनिट खरंच उपयोगी पडतं.

युनिट बेअरिंग हाउसिंगवर (मोटरच्या बेअरिंगभोवतीच्या भागावर) स्टडने, म्हणजे आटे असलेल्या खिळीने, घट्ट बसवा. फॅन कव्हरचा पत्रा जास्त थरथरतो म्हणून तिथे बसवायचा मोह होतो, पण पत्र्याची थरथर भरवशाची नसते. सिरॅमिक ठिसूळ आहे, युनिट ठोकून बसवू नका. त्यात शिसं असल्यामुळे जुनं युनिट कचऱ्यात न टाकता आमच्याकडे परत द्या.

आम्ही मोजमापाला येण्याआधी नेमप्लेटचा फोटो पाठवा, आणि त्या दिवशी मशीन नेहमीच्या लोडवर चालू ठेवा.