जाळं एकसंध, तरी तोडायचा तुकडा नेमका

पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका बिघडली, तर ती नष्ट करणं पेशीला तुलनेनं सोपं जातं. ती सुटी असते, तिच्याभोवती पटल गुंडाळलं की काम झालं. आंतर्द्रव्यजालिकेचं (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, म्हणजे ईआर) तसं नाही. केंद्रकाच्या आवरणापासून पेशीच्या कडेपर्यंत पसरलेलं, चपट्या थैल्या आणि बारीक नलिकांचं हे एकच सलग जाळं आहे. पेशीतल्या सुमारे एक तृतीयांश प्रथिनांना योग्य आकार इथे मिळतो, मेदपदार्थ इथे बनतात, कॅल्शिअमचा साठा इथे असतो. त्यातला एखादा भाग खराब झाला, तर बाकीच्या जाळ्याचं काम चालू ठेवून तेवढाच भाग काढायचा कसा?

घडी चुकलेला एखादा रेणू असेल, तर तो जालिकेतून बाहेर ओढला जातो आणि प्रोटिआसोम हे प्रथिनं तोडणारं यंत्र त्याचे तुकडे करतं. पण चुकलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या झाल्या, की त्या या अरुंद वाटेनं बाहेर पडू शकत नाहीत. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाचं 'झेड' हे सदोष रूप यकृताच्या पेशींत असंच साखळ्या करून अडकून बसतं. अशा वेळी जालिकेचा तो भागच तोडून लयकारिकेत, म्हणजे पेशीच्या पाचक पिशवीत, पाठवावा लागतो. पेशीनं स्वतःचेच भाग पिशवीत गुंडाळून पचवण्याला ऑटोफॅजी म्हणतात, आणि जालिकेच्या या निवडक ऑटोफॅजीला ईआर-फॅजी.

तिच्या खुणा फार आधी दिसल्या होत्या. फेनोबार्बिटल हे औषध दिलं की उंदरांच्या यकृतपेशींत जालिका फुगते, कारण औषधाचं विघटन करणारी विकरं तिच्याच पटलात असतात. औषध थांबवल्यावर हा वाढीव भाग काही दिवसांत नाहीसा होतो आणि त्या काळात ऑटोफॅजीच्या पिशव्या वाढलेल्या दिसतात, असं १९७३ मध्ये बोलेंडर आणि वायबेल यांनी मोजमापं घेऊन दाखवलं. माझ्या मते त्या निरीक्षणातली खरी गंमत पिशव्यांपेक्षा प्रमाणात आहे. वाढलेलं तेवढंच गेलं, गरजेपुरतं उरलं. म्हणजे काय काढायचं हे पेशीत कुणीतरी ठरवत होतं.

ते 'कुणीतरी' २०१५ साली सापडलं. फ्रँकफर्टच्या इव्हान डिकिच यांच्या गटाला सस्तन प्राण्यांच्या पेशींत फॅम१३४बी हे प्रथिन मिळालं. त्याच सुमारास जपानमध्ये हितोशी नाकातोगावा, योशिनोरी ओसुमी आणि सहकाऱ्यांना यीस्टमध्ये एटीजी३९ आणि एटीजी४० ही प्रथिनं मिळाली. ऑटोफॅजीवरच्या कामासाठी ओसुमींना पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं.

फॅम१३४बी जालिकेच्या पटलात बसतं, पण पटलाच्या बाहेरच्या थरातच जास्त जागा व्यापतं. लाकडात पाचर ठोकावी तसा बाहेरचा थर त्यामुळे फाकतो आणि पटल वाकतं. अशी अनेक प्रथिनं एके ठिकाणी जमली की तिथे फुगवटा येतो आणि तो तुटून वेगळा होतो. याच प्रथिनाचं एक टोक बाहेर लोंबत असतं. ते एलसी३ या प्रथिनाला धरतं, आणि एलसी३ असतं ऑटोफॅजीच्या वाढत्या पटलावर. तोडणं आणि सोपवणं, दोन्ही कामं एकाच रेणूकडे! तुकडा दुहेरी पटलाच्या पिशवीत बंद होतो, पिशवी लयकारिकेत मिसळते, आणि सुटी झालेली अमिनो आम्लं नि मेदाम्लं पेशी पुन्हा वापरते.

मात्र बिघाड असतो जालिकेच्या आत आणि फॅम१३४बीचं जवळजवळ सगळं अंग बाहेर. आतली खबर त्याला कशी लागते? इथे कॅल्नेक्सिन कामाला येतं. घडी घालायला मदत करणारं हे प्रथिन पटलाच्या आरपार असतं. कोलॅजेनचे घडी चुकलेले पूर्वरेणू ते आतल्या बाजूनं पकडतं आणि पटलातच फॅम१३४बीशी जोडलं जातं. त्यामुळे जिथे बिघाड, तिथलाच तुकडा निवडला जातो.

पुढे सेक६२, आरटीएन३, सीसीपीजी१, टेक्स२६४ असे आणखी ग्राही, म्हणजे फॅम१३४बीसारखी तुकडा निवडून सोपवणारी प्रथिनं, सापडले. कुणी नलिका हाताळतं, कुणी स्वादुपिंडासारख्या प्रथिनं स्रवणाऱ्या अवयवात महत्त्वाचं ठरतं. सेक६२ ताण सरल्यावर फुगलेली जालिका मूळ आकाराला आणतं.

फॅम१३४बी हा ग्राही नसेल तर काय होतं, हे माणसांतच दिसलं आहे, आणि तेही त्याचं काम कळण्याच्या आधी. त्याच्या जनुकातल्या दोषांमुळे एक आनुवंशिक चेताविकार होतो, हे २००९ मध्ये कळलं होतं. त्यात हातापायांना वेदनाच जाणवत नाहीत. जखमा लक्षात येत नाहीत, चिघळतात, कधी बोटं कापावी लागतात. संवेदी चेतापेशी विभागून नव्या होत नाहीत. साचलेला बिघाड दोन पेशींत वाटून हलका करण्याची सोय त्यांना नाही, म्हणून ही सफाई थांबली की पहिला फटका त्यांना बसत असावा, असं मला वाटतं.

विषाणूंनीही हा ग्राही हेरला आहे. डेंग्यू आणि झिका यांचे विषाणू जालिकेच्या पटलावरच स्वतःच्या प्रती काढतात. तो भाग लयकारिकेत गेला तर त्यांचं नुकसान, म्हणून त्यांचं एक विकर फॅम१३४बीला कापतं. प्रयोगात पेशींतून हे प्रथिन कमी केलं, तेव्हा दोन्ही विषाणू जास्त जोमानं वाढले.