खुलासा: मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर उपाशी राहिल्याने जखम लवकर भरते का?

मराठवाड्यात घरोघरी पोचलेला सल्ला असा: मूळव्याधीचं ऑपरेशन झालं की आठ दिवस भाकरी बंद, नुसती पेज घ्यावी, संडासला लागलं नाही की जखम आपोआप भरते.

पहिल्यांदा संडासला जायची भीती खरीच असते, म्हणून हे पटतंही. पण न जेवताही मळ तयार होतो. त्यात आतड्याच्या झडलेल्या पेशी आणि जिवाणू असतात. पोटात तंतू (धान्य-भाज्यांतला चोथा, म्हणजे फायबर) आणि पाणी कमी गेलं की तो खडा होतो, त्यात काही वेदनाशामक गोळ्यांनीही बद्धकोष्ठता होते. असा खडा जखमेवरून गेला की तीच उलते. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात जेमतेम ३. म्हणजे भाकरी सोडून पेज धरणं उलटंच पडतं. डॉक्टरांनी जेवायला सांगितलं की भाकरी वरणात कुस्करून खावी. ठेचा मात्र काही दिवस खाऊ नये.

पडताळा घरीच घेता येतो. लघवी गडद पिवळी असेल तर बहुधा पाणी कमी पडतंय. उन्हाळ्यात हे हमखास होतं. मळ मऊ, न कुंथता होणारा हवा. कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं बसल्याने ठणका कमी होतो.

पहिले एक-दोन आठवडे संडासच्या वेळी थोडं रक्त दिसू शकतं. पण रक्त थांबेना, गाठी पडू लागल्या, ताप आला किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा.