पालक समितीत यायचंय? तोंडी सांगू नका, लेखी द्या

शाळा सुरू झाल्या की दरवर्षी तीच तक्रार कानावर येते. "आमच्या शाळेत तेच चार पालक वर्षानुवर्षं समितीत, आम्हाला कोण विचारतंय?" खोदून विचारलं की कळतं, तक्रार करणाऱ्याने नाव लेखी दिलेलंच नव्हतं. गेटवर भेटल्यावर "मॅडम, माझंही नाव घ्या" एवढंच म्हटलं होतं. गेटवरचं बोलणं नोंदवहीत चढत नाही.

आधी शाळा कुठल्या प्रकारची आहे ते बघा. महापालिकेची किंवा अनुदानित असेल तर शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या जागा महिलांना, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान. पालक सदस्य पालकसभेतून निवडले जातात, अध्यक्षही पालकांमधलाच असतो. अनुदानित शाळेत मात्र, ती अल्पसंख्याक संस्थेची असो वा नसो, समितीचं काम फक्त सल्ला देण्यापुरतं.

विनाअनुदानित खासगी शाळेला हे कलम लागू नाही. तिथे 2011 चा शुल्क विनियमन अधिनियम चालतो आणि पालक-शिक्षक संघ असतो. संघाचे सदस्य तुम्ही आपोआप होताच. कार्यकारी समितीसाठी मात्र इच्छुक पालकांमधून सोडत काढतात. तुमची चिठ्ठीच डब्यात नसेल, तर ती निघणार कुठून?

पात्रता एका ओळीची: तुमचं मूल त्या शाळेत शिकत असलं पाहिजे. तुमचं शिक्षण किती, इंग्रजी येतं का, घर स्वतःचं की भाड्याचं, याचा काही संबंध नाही. तरीही पत्त्यावरून लोकांना परत पाठवतात. पुनर्विकासात इमारत गेली, कुटुंब संक्रमण शिबिरात, आणि आधारवर अजून जुन्या चाळीचा पत्ता. मुंबईत अशी घरं काय कमी आहेत? अशा वेळी वाद घालत बसू नका. मुलाच्या ओळखपत्राची प्रत जोडा आणि अर्जावर हजेरी क्रमांक, इयत्ता, तुकडी लिहा.

सगळ्यात जास्त माणसं अडतात ती 'पालक कोण' या प्रश्नावर. रजिस्टरवर वडिलांचं नाव, वडील कामासाठी परगावी, आई नाही, आणि मुलाला शाळेत सोडायला-आणायला आजी. गेल्या वर्षी अशाच एका आजींना मी अर्ज लिहून दिला. काउंटरवरून उत्तर आलं, "कोर्टाचा पालकत्वाचा आदेश आणा." आता दादरच्या फूलबाजारात पहाटेपासून उभी राहणारी बाई कोर्टातून आदेश कधी आणणार? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 2 मध्ये मुलाचा सांभाळ आणि ताबा ज्याच्याकडे आहे, तोही पालकच मानला आहे. कोर्टाने नेमलेला पालक त्यात येतो, पण तो एकटाच नव्हे. आम्ही वडिलांकडून साध्या कागदावर सहीचं पत्र मागवलं, कलमाची प्रत जोडली आणि पुन्हा गेलो. दुसऱ्या फेरीत अर्ज घेतला. पहिल्याच फेरीत का नाही, हे विचारायची सोय नसते.

आता तारखा. व्यवस्थापन समिती दर दोन वर्षांनी नव्याने बनते, त्यामुळे यंदा निवड आहे की नाही हे आधीच विचारून घ्या. खासगी शाळेत संघ शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत स्थापन व्हायला हवा. हे 30 दिवस तुमच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. काही बोर्डांच्या शाळा एप्रिलमध्येच उघडतात. तिथले पालक जून उजाडायची वाट बघतात, आणि मे महिन्यात आपण गावी असताना सोडत होऊन जाते.

आणखी एक. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने कार्यकारी समितीपुढे वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी ठेवायचा असतो. फीची पावती हातात पडल्यावर मार्चमध्ये जे जागे होतात, त्यांचं नाव समितीत असतं तर बोलायची वेळ कधीच येऊन गेली असती.

अर्ज दोन प्रतींत न्या. एकीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोच द्यायला नकार आला तर तोच अर्ज शाळेच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली असेल, तर ती शनिवारी घ्यावी अशी मागणी एकट्याने करू नका. वर्गातल्या आठ-दहा पालकांच्या सह्या घ्या. लोकल पकडून धावणारे, घरकामाला जाणारे पालक एरवी येणार तरी कसे? नवी माणसं हवीत म्हणायचं आणि सभा त्यांच्या कामाच्या वेळेत ठेवायची, हा खेळ फार जुना आहे.

दाद मागायची झाली, तर महापालिका शाळेसाठी प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्याकडे आणि खासगी माध्यमिक शाळेसाठी आपल्या विभागाच्या शिक्षण निरीक्षकांकडे जा. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या समितीच्या सभांची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागता येतात. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत 30 दिवस. मागताना सभेची नोटीस आणि हजेरीपत्रकही मागा. न झालेल्या सभेच्या इतिवृत्ताखाली सह्या असतील, तर त्या तिथेच दिसतात.